दुसऱ्याच कामासाठी बनवलेला डिटेक्टर: क्रॅबच्या क्ष-किरणांचे ध्रुवीकरण कसे मोजले गेले

ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावर सीझेडटीआय नावाचे उपकरण आहे. कॅडमियम-झिंक-टेल्युराइड या अर्धवाहकाच्या चकत्यांचा हा कॅमेरा २० ते १०० केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचे एकक) ऊर्जेच्या क्ष-किरणांची चित्रे आणि वर्णपट घेण्यासाठी बनवला होता. त्याचे सर्वांत गाजलेले मोजमाप मात्र १०० ते ३८० केईव्हीच्या पट्ट्यात झाले, म्हणजे कागदावरची हद्द जिथे संपते तिथून पुढे. तेही चित्राचे किंवा वर्णपटाचे नव्हे, तर क्रॅब पल्सर (स्वतःभोवती फिरताना ठरावीक तालात स्पंद देणारा तारा) आणि त्याच्या भोवतीच्या तेजोमेघाकडून येणाऱ्या क्ष-किरणांच्या ध्रुवीकरणाचे. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये 'नेचर ॲस्ट्रॉनॉमी'ने ते प्रसिद्ध केले. त्यातला एक निष्कर्ष आजही पूर्ण पचलेला नाही.

अवकाशातल्या क्ष-किरणांचे ध्रुवीकरण मोजण्याची याहून नेटकी उदाहरणे आहेत. अमेरिका आणि इटलीची आयएक्सपीई ही दुर्बीण खास त्याच कामासाठी बांधली गेली आणि तिची चित्रे फार देखणी आहेत. तरी मी सीझेडटीआयचे प्रकरण घेतो, कारण या विषयातली मूळ अडचण इथे झाकली जात नाही. किरण पकडणे त्या मानाने सोपे. आकड्यांत दिसलेला कल आकाशातून आला की उपकरणाच्या घडणीतूनच निपजला, हे सिद्ध करण्यात सगळा घाम निघतो.

मोजायचे काय, आणि ते इतके महाग का

प्रकाशाच्या प्रत्येक फोटॉनच्या विद्युत क्षेत्राला एक दिशा असते. हजारो फोटॉनांच्या दिशा विस्कळीत असतील तर तो प्रकाश अध्रुवित. बऱ्याच जणांचा कल एकाच दिशेला असेल तर तेवढ्या प्रमाणात ध्रुवित. मोजून शेवटी दोनच आकडे हाती येतात: प्रमाण किती टक्के, आणि आकाशातल्या उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेला कोन किती अंश. त्यांतून कळते ते फार मोलाचे असते. चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणारे वेगवान इलेक्ट्रॉन जो सिंक्रोट्रॉन प्रकाश सोडतात, त्याचे विद्युत क्षेत्र चुंबकीय रेषांना काटकोनात असते. कोन मोजला की हजारो प्रकाशवर्षे दूरच्या चुंबकीय रेषांचा रोख समजतो. क्षेत्र अगदी शिस्तीत असेल तर प्रमाण ७० टक्क्यांच्या वर जाऊ शकते. कमी आले तर आपण एकाच नजरेत वेगवेगळ्या दिशांच्या रेषा एकत्र पाहत आहोत, असा अर्थ लागतो.

किंमत किती मोजावी लागते ते पाहू. एखादा स्रोत क्ष-किरणांत आहे की नाही हे ठरवायला, पार्श्वभूमी (म्हणजे स्रोताखेरीज इतर कुठूनही येणाऱ्या नोंदी) स्वच्छ असेल तर दहा-वीस फोटॉन पुरतात. ध्रुवीकरणाचे तसे नाही. प्रत्येक फोटॉन आपल्या दिशेचा फक्त एक अंधुक इशारा देतो. इशारा किती ठळक, हे उपकरणाच्या गुणांकावर ठरते. शंभर टक्के ध्रुवित प्रकाशालाही उपकरणाने ०.३ एवढाच चढउतार दाखवला, असे धरू. मग १ टक्का ध्रुवीकरण ९९ टक्के खात्रीने ओळखायला लागणारे फोटॉन म्हणजे ४.२९ला ०.०१ आणि ०.३ यांच्या गुणाकाराने भागून येणाऱ्या संख्येचा वर्ग: सुमारे २० लाख. पार्श्वभूमी मूळ संकेताच्या नऊपट असेल तर त्याचे होतात दोन कोटी.

त्यात एक खोच अशी, की ध्रुवीकरणाचे प्रमाण ऋण असू शकत नाही. पूर्ण अध्रुवित प्रकाश मोजला तरी आकड्यांच्या नैसर्गिक हेलकाव्यातून काहीतरी धन उत्तर निघतेच, आणि सोबत एक कोनही. म्हणजे हे मोजमाप कधीही रिकाम्या हाताने परतत नाही. ज्याला काही सापडावेसे वाटते त्याच्यासाठी हा मोठाच धोका.

आधीचा इतिहास, थोडक्यात

क्रॅब तेजोमेघ म्हणजे इ.स. १०५४मध्ये चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या स्फोटाचे अवशेष, सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षांवर. मध्यभागी सेकंदाला जवळजवळ तीस वेळा फिरणारा न्यूट्रॉन तारा. त्याचा दृश्य प्रकाश सिंक्रोट्रॉनचा असावा, असे इओसिफ श्क्लोव्स्की यांनी १९५३मध्ये सुचवले आणि वर्षभरात तो ध्रुवित असल्याचे दिसले. क्ष-किरणांतही तसेच असेल काय, हा प्रश्न मग आपोआप आला.

१९७१मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या रॉबर्ट नोव्हिक यांच्या गटाने रॉकेट उडवून पहिले उत्तर आणले: सुमारे १५ टक्के, कोन १५६ अंशांच्या आसपास, आणि चुकीची मर्यादा ऐसपैस. १९७५मध्ये गेलेल्या ओएसओ-८ उपग्रहाने ग्रॅफाइटच्या स्फटिकांवरून क्ष-किरण परावर्तित करून २.६ केईव्हीला तेजोमेघासाठी १९.२ ± १.० टक्के आणि १५६.४ ± १.४ अंश एवढे काटेकोर उत्तर दिले. त्या कामातले मार्टिन वाइसकॉफ पुढे चार दशकांनी आयएक्सपीईचे प्रमुख शास्त्रज्ञ झाले. मधला काळ मात्र जवळजवळ कोरा आहे. रशियन उपग्रहासाठी एक मापक तयार झाला, तो जमिनीवरच राहिला. नासाची जेम्स नावाची मोहीम २००९मध्ये निवडली गेली आणि २०१२मध्ये रद्द झाली. नासाच्या चंद्रा या क्ष-किरण वेधशाळेवर ध्रुवीकरण मापक नव्हताच. निरीक्षणाच्या वेळेचे वाटप करणाऱ्या समितीपुढे 'वीस लाख फोटॉन हवेत' म्हणणाऱ्याची बाजू दुबळी पडते, हे त्यामागचे साधे कारण असावे.

उच्च ऊर्जेला, शंभर केईव्हीच्या पुढे, युरोपच्या इंटेग्रल उपग्रहाने हात घातला. २००८मध्ये त्यावरच्या एका उपकरणाने क्रॅबच्या स्पंदांमधल्या शांत भागासाठी ४६ ± १० टक्के आणि १२३ ± ११ अंश असा निकाल दिला. हा कोन ताऱ्याच्या फिरण्याच्या अक्षाशी जुळत होता. निकाल सुंदर होता, पण एक शंका कायम राहिली. उड्डाणापूर्वी त्या उपकरणांची ध्रुवित किरणांनी परीक्षा झालेली नव्हती. ध्रुवित स्रोतासमोर ती नेमकी कशी वागतात हे संगणकावरच्या प्रतिकृतीवरून काढावे लागले.

छिद्रांची पत्री निरुपयोगी झाली तेव्हा

सीझेडटीआयची बांधणी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने झाली, ए. आर. राव तिचे प्रमुख शास्त्रज्ञ. अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी, इस्रोची केंद्रे आणि पुण्याची आयुका ही खगोलशास्त्र संस्था त्यात भागीदार होती. उपकरणाच्या रोजच्या कामकाजाचे केंद्र आयुकातच आहे. चार चौकोनी भाग, प्रत्येकात १६ डिटेक्टर, प्रत्येक डिटेक्टरवर २५६ पिक्सेल; एकूण १६,३८४. प्रत्येक पिक्सेल अडीच मिलिमीटरला किंचित कमी, जाडी ५ मिलिमीटर. वर छिद्रांचा ठरावीक आराखडा कापलेली टँटलमची पत्री. तिची सावली पिक्सेलांवर कशी पडते यावरून स्रोत कुठे आहे ते कळते.

ऊर्जा १०० केईव्हीच्या पुढे गेली की किरण त्या पत्रीतून, बाजूच्या भिंतींतूनही, आरपार जाऊ लागतात. सावली फिकट होते, चित्र जमत नाही. चित्र घेणाऱ्यासाठी हा उपकरणाचा शेवट. पण त्याच ऊर्जेला डिटेक्टरच्या आत दुसरे काही सुरू होते. फोटॉन एका पिक्सेलमध्ये इलेक्ट्रॉनला धडकतो, थोडी ऊर्जा तिथे सोडतो, दिशा बदलतो आणि शेजारच्या पिक्सेलमध्ये शोषला जातो. हे कॉम्प्टन प्रकीर्णन. त्याचा नियम असा, की फोटॉन आपल्या विद्युत क्षेत्राला काटकोन करणाऱ्या दिशेने उडणे जास्त पसंत करतो. म्हणजे कुठल्या पिक्सेलमधून कुठल्या शेजाऱ्याकडे उडी पडली, याच्या पुरेशा नोंदी जमवल्या की ध्रुवीकरण मिळू शकते.

आकड्यांत सांगतो. २०० केईव्हीचा फोटॉन काटकोनात वळला तर पहिल्या पिक्सेलमध्ये सुमारे ५६ केईव्ही सोडतो, उरलेले १४४ घेऊन पुढे जातो. १०० केईव्हीचा फोटॉन तसाच वळला तर पहिल्या ठिकाणी जेमतेम १६ केईव्ही पडतात, आणि ही ठिणगी पिक्सेलच्या खालच्या मर्यादेत हरवण्याची भीती. पट्टा १०० पासून का सुरू होतो त्याचे बरेचसे उत्तर यात आहे. बाकीचे असे, की त्याखाली हे द्रव्य बहुतेक फोटॉन एकाच जागी गिळून टाकते, उडी पडतच नाही.

पहिली धडक कुठली आणि दुसरी कुठली हे घड्याळावरून कळत नाही. दोन्ही एकाच क्षणी नोंदल्या जातात. कमी ऊर्जेची ती पहिली, असे सहसा धरतात. यात गल्लत झाली तरी फारसे बिघडत नाही, ही या पद्धतीतली मला आवडलेली गोष्ट. उडीची दिशा उलटी धरली तर कोन १८० अंशांनी फिरतो, आणि ध्रुवीकरणाचा आलेख १८० अंशांनीच पुन्हा स्वतःवर येतो.

हे सगळे शक्य झाले ते रचनेतल्या एका निर्णयामुळे. सीझेडटीआय प्रत्येक फोटॉनची नोंद स्वतंत्रपणे, २० मायक्रोसेकंदांच्या शिक्क्यासह, खाली पाठवतो. दोन पिक्सेल एकदम उजळले तर 'ही गडबड' म्हणून ती नोंद वरच्या वर फेकून देण्याची सोय अशा उपकरणांत ठेवता आली असती. इथे ती नोंद जमिनीवर पोचते आणि तिचे काय करायचे ते माणसे ठरवतात. ४० मायक्रोसेकंदांच्या आत शेजारच्या दोन पिक्सेलांत पडलेल्या जोड्या वेगळ्या काढल्या की ध्रुवीकरणाचा कच्चा माल मिळतो.

उपकरणाची स्वतःची खोड

फुली-गोळ्याचा नऊ घरांचा तक्ता डोळ्यांपुढे आणा. मधल्या घरात पहिली धडक. भोवती आठ शेजारी. चार कडेला चिकटलेले, चार नुसते कोपऱ्यावर टेकलेले. कडेच्या घरात उडी पडण्याची शक्यता कोपऱ्यातल्या घरापेक्षा मुळातच जास्त, कारण सामाईक हद्द लांब. म्हणजे पूर्ण अध्रुवित किरण टाकले तरी आठ दिशांच्या आलेखात चढउतार दिसणारच.

सरळ वरून येणाऱ्या किरणांसाठी हा खोटा चढउतार दर ९० अंशांनी फिरून येतो, ध्रुवीकरणाचा दर १८० अंशांनी. त्यामुळे दोन्ही वेगळे करता येतील असे वाटते, आणि बऱ्याच अंशी करताही येतात. किरण तिरके आले की मात्र हा सारखेपणा मोडतो आणि खोट्या आलेखालाही १८० अंशांची लय येते. तेव्हा नुसते पाहून खरे-खोटे सांगता येत नाही.

जुन्या मोहिमांचा यावरचा उपाय म्हणजे उपकरणच फिरवणे. उपकरणाची खोड उपकरणासोबत फिरते, आकाशातला कल जागच्या जागी राहतो. दोन्ही आपोआप सुटे होतात. ओएसओ-८चे मापक उपग्रहाच्या फिरत्या चाकात बसवलेले होते. ॲस्ट्रोसॅट असा गरगर फिरू शकत नव्हता. त्याच्यावर अतिनील दुर्बिणीसकट इतर उपकरणे होती आणि त्यांना एकाच जागी नजर रोखून धरणारा उपग्रह हवा होता.

म्हणून खोड आधीच मोजून ठेवणे भाग होते. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांत सीझेडटीआयवर अध्रुवित आणि ध्रुवित, दोन्ही प्रकारचे किरण टाकून पाहिले गेले. किरणोत्सारी पदार्थातून निघणारे किरण एखाद्या वस्तूवरून काटकोनात विखुरले की ते ध्रुवित होतात. ध्रुवित झोत तयार करायची ती एक सोपी रीत. मोजलेला प्रतिसाद आणि संगणकावरची प्रतिकृती शेजारी ठेवून तपासली गेली आणि हे काम २०१५मध्येच शोधनिबंध म्हणून बाहेर आले. त्या निबंधात क्रॅब आणि सिग्नस एक्स-१ (कृष्णविवर असलेला जोडतारा) यांसारख्या तेजस्वी स्रोतांचे ध्रुवीकरण मोजता येईल, असे आधीच लिहिलेले होते. माझ्या मते या प्रकरणातला निर्णायक क्षण हाच. मोजमाप होण्यापूर्वी लिहिलेला दावा आणि झाल्यावर सुचलेला दावा यांच्या वजनात फार फरक असतो.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३० ने ॲस्ट्रोसॅट वर नेला. ६ ऑक्टोबरला सीझेडटीआय चालू झाला आणि त्याच दिवशी एक गॅमा-किरण स्फोट त्यात नोंदला गेला, तोही दुर्बिणीच्या रोखापासून सुमारे ६० अंश बाजूला. भिंती पारदर्शक असल्याचा हा फायदा. स्फोटाच्या काळात शेजारी पिक्सेलांतल्या जोड्या एकदम वाढल्या आणि स्फोट संपताच ओसरल्या. कॉम्प्टनच्या जोड्या खरोखर पकडल्या जात आहेत, याचा पुरावा पहिल्याच दिवशी हाती आला.

आठ लाख सेकंद आणि रिकामे आकाश

पुढच्या सुमारे दीड वर्षात क्रॅबकडे पुन्हा पुन्हा पाहून जवळजवळ आठ लाख सेकंदांचे निरीक्षण जमले, म्हणजे सव्वानऊ दिवसांचे सलग टक लावणे. तेवढ्या वेळात तो तारा सव्वादोन कोटींहून अधिक वेळा स्वतःभोवती फिरला.

खरी डोकेदुखी पार्श्वभूमीची. ६५० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहावर वैश्विक किरण सतत आदळतात, उपग्रहाचे धातूही मग किरण सोडतात, आकाशात सगळीकडून येणारी मंद प्रभा असते. गॅमा-किरण स्फोट काही सेकंदांत आटोपतो, त्यामुळे त्याच्या आधीची आणि नंतरची मिनिटे पार्श्वभूमी म्हणून वापरता येतात. क्रॅब सतत तळपतो. त्याची पार्श्वभूमी मोजायला दुसरीकडे, रिकाम्या आकाशाकडे पाहावे लागते. आणि ज्या पारदर्शकतेने हे मोजमाप शक्य केले, तीच इथे आडवी आली: भिंतींतून किरण आत येत असताना रिकामे आकाश आणायचे कुठून? क्रॅब किंवा सिग्नस एक्स-१ बाजूला असले तरी डिटेक्टरमध्ये डोकावणार. त्यामुळे हे दोन्ही झगझगीत स्रोत आड राहतील अशी निरीक्षणेच पार्श्वभूमीसाठी निवडावी लागली.

तेवढ्यानेही भागत नाही. पृथ्वीभोवतीच्या प्रत्येक फेरीत पार्श्वभूमी वरखाली होते. दक्षिण अटलांटिकवरच्या भारित कणांच्या पट्ट्याजवळून उपग्रह जातो तेव्हा तर ती झपाट्याने चढते. मग क्रॅबच्या निरीक्षणातला फेरीचा टप्पा आणि रिकाम्या आकाशाच्या निरीक्षणातला टप्पा एकमेकांशी जुळवून मगच वजाबाकी करायची. पार्श्वभूमी सगळ्या बाजूंनी सारखी येत नसल्यामुळे तिलाही स्वतःचा एक खोटा कल असतो. वजाबाकी चुकली तर तो थेट क्रॅबच्या नावावर जमा होतो. शोधनिबंधाच्या सारांशात या भागाला जागा नसते, पण निकालावर विश्वास ठेवायचा की नाही ते इथे ठरते.

नुसता वक्र बसवून टक्केवारी काढली, असेही झाले नाही. 'ध्रुवीकरण आहे' आणि 'काहीच नाही, सपाट रेषा पुरते' ही दोन गृहीतके बेझच्या पद्धतीने, म्हणजे आकडे कोणाला किती पाठिंबा देतात ते तोलून, समोरासमोर ठेवली गेली. धन उत्तर नेहमीच येते, या मघाच्या धोक्यावरचा हा उतारा.

घड्याळाचे काम वेगळेच. फिरकीच्या कुठल्या टप्प्यावर कुठला फोटॉन आला हे सांगायचे तर उपग्रहावरचे घड्याळ पल्सरच्या ३३ मिलिसेकंदांच्या तालाशी बिनचूक जुळलेले हवे. सीझेडटीआयच्या वेळेतला फरक काढण्यासाठी फर्मी या गॅमा-किरण उपग्रहासोबत उटीची रेडिओ दुर्बीण आणि जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी यांच्या क्रॅब-निरीक्षणांचा आधार घेतला गेला. नारायणगावच्या शिवारातल्या तबकड्यांनी पकडलेले रेडिओ ठोके आणि अवकाशातल्या डिटेक्टरने मोजलेले क्ष-किरण असे एका तालावर आणले गेले.

निकाल

एकत्रित उत्तर: ३२.७ ± ५.८ टक्के ध्रुवीकरण, कोन १४३.५ ± २.८ अंश.

कोन आधी पाहू. चंद्रा वेधशाळेच्या चित्रांवरून पल्सरचा अक्ष आकाशात सुमारे १२४ अंशांवर येतो. ओएसओ-८ने १५६ म्हटले होते, इंटेग्रलने १२३. स्वीडनच्या पुढाकाराने २०१६मध्ये फुग्यातून उडवलेल्या पोगो+ मापकाला १८ ते १६० केईव्हीमध्ये २०.९ ± ५.० टक्के आणि १३१ अंश मिळाले. पुढे २०२२मध्ये आयएक्सपीईने २ ते ८ केईव्हीमध्ये पाहिले: अख्ख्या तेजोमेघासाठी २० टक्के, १४५ अंश. ऊर्जा वेगळ्या, उपकरणे वेगळी, खोडी वेगळ्या, आणि तरी सगळे आकाशाच्या एकाच कोपऱ्याकडे बोट दाखवतात. एकाच उपकरणाची चूक असती तर ही जुळणी दिसली नसती. अक्षाशी साधारण समांतर विद्युत क्षेत्र म्हणजे अक्षाभोवती कड्यासारख्या वळलेल्या चुंबकीय रेषा. आयएक्सपीईच्या नकाशाने पुढे तेच चित्र सविस्तर दाखवले.

टक्केवारीतली वाढ, २० वरून ३३ च्या आसपास, मला समजण्यासारखी वाटते. ऊर्जा जितकी जास्त तितके इलेक्ट्रॉन लवकर दमतात आणि पल्सरजवळच्या लहान प्रदेशातच विझतात. लहान प्रदेशात रेषांच्या दिशांची सरमिसळ कमी. आयएक्सपीईच्या नकाशात तुकड्या-तुकड्याने पाहिले तर काही भागांत ४५ ते ५० टक्क्यांपर्यंत ध्रुवीकरण आहे. सगळे एकत्र करताच ते २० वर येते.

अडचणीची दहा मिलिसेकंदे

प्रत्येक फिरकीत पल्सर दोनदा उजळतो. दोन शिखरे, त्यांच्यामधला पूल, आणि मग सुमारे एक-तृतीयांश वेळ शांतता, तिला ऑफ-पल्स म्हणतात. तेव्हा पल्सरचा झोत आपल्याकडे नसतो आणि उरतो तो तेजोमेघाचा उजेड, असे सगळेच धरून चालत. ओएसओ-८च्या निकालात तेजोमेघ वेगळा काढतानाही पल्सरचा वाटा वजा केला होता.

सीझेडटीआयला ऑफ-पल्समध्ये भरपूर ध्रुवीकरण मिळाले. इंटेग्रलची खूण पक्की झाली, इथवर कोणाची हरकत नव्हती. पण ऑफ-पल्सचे आणखी तुकडे करून पाहिले तेव्हा त्या शांततेच्या आतच ध्रुवीकरण बदलताना दिसले. शिवाय शिखरे ओलांडताना कोन फिरत असल्याचाही इशारा मिळाला, जरा कच्चा.

ऑफ-पल्स साधारण दहा मिलिसेकंदांचा. तेवढ्यात प्रकाश तीन हजार किलोमीटर जातो. तेजोमेघाचा क्ष-किरण देणारा गाभा प्रकाशवर्षांत मोजावा असा आहे. एवढी अवाढव्य गोष्ट मिलिसेकंदांत आपला कल बदलूच शकत नाही; तिच्या एका टोकाला दुसऱ्या टोकाची खबर लागायलाही महिने-वर्षे लागतील. तेव्हा मोजमाप बरोबर असेल तर 'शांत' काळातही पल्सर स्वतः काही उजेड देत असला पाहिजे, आणि तोही चांगला ध्रुवित. पल्सरच्या उच्च-ऊर्जा प्रकाशाची तेव्हाची कुठलीही उपपत्ती हे पूर्णपणे समजावू शकत नव्हती. शोधनिबंधाने ते सरळ लिहिले.

आयएक्सपीईने याचा निकाल लावला का? थेट नाही. त्या दुर्बिणीला पल्सरचे एकूण क्ष-किरण अध्रुवित दिसले. फक्त मुख्य शिखराच्या गाभ्यात १५ टक्क्यांपर्यंत ध्रुवीकरण मिळाले. त्यावरून प्रकाश ताऱ्याच्या अगदी जवळच्या चुंबकावरणातून येतो असे मानणारी बहुतेक प्रतिमाने अडचणीत आली आणि उजेड पल्सरकडून बाहेर वाहणाऱ्या कणांच्या वाऱ्यातून येत असावा, हे मत बळावले. पण ते २ ते ८ केईव्हीचे. सीझेडटीआयचा पट्टा पन्नासपट वर आहे, तिथे पल्सर आणि तेजोमेघ यांचे आपसातले प्रमाणच वेगळे. एकाचा निकाल घेऊन दुसऱ्याला खोटे पाडणे घाईचे होईल. आयएक्सपीई चित्र घेऊ शकते, म्हणून पल्सरच्या ठिपक्यालगतचा तेजोमेघ बराचसा कापून टाकता येतो. सीझेडटीआयला त्या ऊर्जेला चित्रच नाही. त्याच्याकडे वेगळे करण्याचे साधन एकच, वेळ.

माझे मत विचाराल तर एकूण ३२.७ टक्के आणि १४३.५ अंश या जोडीवर मी निश्चिंत आहे. उड्डाणापूर्वीची परीक्षा, पार्श्वभूमीची काळजी आणि इतर मोहिमांशी जुळणारा कोन, तिन्ही तिच्या बाजूला आहेत. ऑफ-पल्सच्या आतल्या बदलाबद्दल थोडा हात राखून बोलेन. आधीच विरळ फोटॉन, त्यांचे आणखी तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यात धन उत्तर देण्याची मापनाची सवय. त्याच वेळी हेही मान्य करायला हवे, की पार्श्वभूमीची वजाबाकी फसली असती तर तिचा खोटा कल पल्सरच्या ३३ मिलिसेकंदांच्या तालावर नाचला नसता. पार्श्वभूमीला तो ताल माहीतच नाही. त्यामुळे हा बदल खोटा असलाच तर दोष आकड्यांच्या हेलकाव्याचा असेल, उपकरणाच्या खोडीचा असणे कठीण. आणि हेलकाव्यावर औषध एकच, आणखी फोटॉन.

दोन पट्ट्यांमधली मोकळी जागा

आयएक्सपीई ८ केईव्हीला थांबते, सीझेडटीआयची जोडी-पद्धत १०० ला सुरू होते. मधल्या जागेचा एक तुकडा धरण्यासाठी १ जानेवारी २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी५८ ने एक्स्पोसॅट गेला. त्यावरचा पोलिक्स हा मापक बंगळुरूच्या रमण संशोधन संस्थेत बनला आहे. ८ ते ३० केईव्हीचे क्ष-किरण मध्यभागीच्या बेरिलियमच्या चकतीवरून विखुरतात आणि चारही बाजूंचे वायू-डिटेक्टर त्यांना पकडतात. इथे विखुरणारा आणि पकडणारा मुळातच वेगळे, त्यामुळे दोन पिक्सेलांतली जोडी शोधण्याची भानगड नाही. आणि सीझेडटीआयला जे परवडत नव्हते ते यात आहे: नजर स्रोतावर ठेवून उपग्रह त्या रोखाभोवती सावकाश फिरत राहतो.

पोलिक्सही चित्र घेत नाही, तेव्हा पल्सर आणि तेजोमेघ वेगळे करायला त्यालाही फिरकीच्या टप्प्यांचाच आधार. ऑफ-पल्समधला बदल ८ ते ३० केईव्हीमध्ये दिसला तर पल्सर शांत काळातही उजळतो, असे म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम होईल. दिसला नाही तर प्रश्न थोडा वर सरकेल, ३० ते १०० केईव्हीच्या दरम्यान. तिथे क्रॅबचे फोटॉन आणखी विरळ आहेत आणि फिरकीचे टप्पे वेगळे काढून ध्रुवीकरण मोजायचे तर निरीक्षणाची वेळ पुन्हा लाखो सेकंदांत मागावी लागेल.